थॉमसरावांचं पान

परवा सर्वपित्रीला आमच्या इथे अमेरिकेतल्या, नोव्हायच्या घरी एक अनोळखी साहेब जेवायला होते... आणि तेही दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी गेलेले!

झालं असं, शेजारच्या हेलनकडे छताचं काम निघालं. म्हणून तिने तिच्या खापरपणजोबांचं चित्र माझ्याकडे सांभाळायला दिलं. तळहातात मावेल एवढी अंडाकृती फ्रेम, आत निळ्या कोटातला, सोनेरी बटणांचा नेव्हीतला तरुण ऑफिसर.

त्या काळी बोटीवर जाण्याआधी बायकोसाठी असं चित्र काढून घ्यायचे म्हणे. हस्तिदंतावर वॉटरकलर... ऊन आणि पाणी दोन्हीपासून जप, असं हेलनने बजावलं होतं. त्यांची तेवढी एकच खूण तिच्याकडे उरली आहे.

मी शहाणीने ते देवघर केलेल्या क्लॉझेटमध्ये ठेवलं. अंधार असतो, शिवाय तिथे कुणी हात लावत नाही.

नागपूरहून आलेल्या सासूबाईंनी लावला. गेलेल्या माणसाचा फोटो कुणी देवांत ठेवतं का? त्यांनी साहेबांना उचलून थेट माझ्या सासऱ्यांच्या फोटोशेजारी बसवलं. ओल्या फडक्याने पुसलं, काचेवर गंध लावलं आणि पुढ्यात खीर-वड्यांचं पान वाढलं.

मीटिंग संपवून मी खाली आले आणि गारच पडले. "आई, अहो हे आपले नाहीत!"

"नसू देत. एकाला वाढायचं आणि शेजारी बसलेल्याला उपाशी ठेवायचं का?"

तेवढ्यात हेलनच दारात... चित्र न्यायला आलेली. मी रडकुंडीला येऊन ओल्या फडक्याचं सांगून टाकलं. तिने चित्र खिडकीशी नेऊन नीट निरखलं. नशीब, पाणी आत गेलं नव्हतं.

मग तिने विचारलं, हा ठिपका कसला? मी म्हटलं, आमच्याकडे गेलेल्या माणसांना आजच्या दिवशी जेवू घालतात.

हेलन खुर्चीत बसलीच. तिच्या खापरपणजोबांची बोट परत आलीच नव्हती. कबर नाही, काही नाही... फुलं वाहायची तरी कुठे, हे तिच्या घरात कुणालाच कधी कळलं नाही. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

सासूबाईंना इंग्लिश फारसं कळत नाही. त्यांनी चित्र तिच्या हातून हळूच घेतलं, परत पानासमोर ठेवलं आणि मला नाव विचारायला सांगितलं. थॉमस, हेलन म्हणाली.

सासूबाईंनी हात जोडले. "थॉमसराव, सावकाश होऊ द्या."

मग हेलनलाही ताट वाढलं. या बाईंची सून असल्याचा मला इतका अभिमान याआधी कधी वाटला नव्हता.