वजनाचा रकाना

पेणला मी कॉम्प्युटरवर टायपिंग करायचो तेव्हाची गोष्ट. मुंबईच्या एका मोठ्या दुकानाला मालाची सगळी माहिती ठरलेल्या रकान्यांत भरून, फोनच्या तारेवरून हवी होती. त्या दुकानाला माल देणारी वडखळकडची एक पापडवाली ती माहिती भरून घ्यायला पाच पाकिटं घेऊन आली. वजन विचारलं, तर पाकीट तळहातावर तोलून म्हणाली, "किलो."

मला पटेना. शेजारच्या वाण्याकडे किलोचं माप ठेवून पाचही पाकिटं तोलली. दर वेळी काटा बरोब्बर मधोमध थांबला.

"मावशी, तोलून नाही भरत?"

"नाय भाऊ." तिने पदराला हात पुसले. "माझी पोर सातव्या महिन्यात झाली, किलोचीच. दोन दिस या हातावर व्हती. हात इसरत नाय."

मी पडद्यावरच्या वजनाच्या रकान्याकडे वळलो.

"लिव ना," ती म्हणाली. "एक किलो."