टायरखालचं लिंबू

कुवेतच्या राई भागातला आमचा टायरवाला रत्नागिरीकडचा. बोलताना तो गिऱ्हाइकाकडे बघतच नाही. टायर थोपटत त्यालाच सांगितल्यासारखं बोलतो. भाव विचारला की आधी विचारतो, "मागे कोण बसतं?"

डिसेंबरात आईला घेऊन सौदीतल्या अभा शहराजवळच्या घाटात जायचं होतं. मी हिवाळ्याचे टायर मागितले. "बर्फात चाललास काय रे?" तो टायरलाच म्हणाला. मग मी सगळ्यांत स्वस्त सेटला हात लावला. "जुना माल, उन्हात वाळलेला. मागे आई आहे ना?" शेवटी त्याने ऑल सीझनचे, मधल्या भावाचे टायर चढवले.

पण सोबत आलेली आई गाडीत बसेना. नव्या चाकाखाली लिंबू हवं! हा पाच वेळचा नमाजी माणूस, त्याला कसं सांगायचं? मी घुटमळत होतो, तेवढ्यात त्याने आपल्या काळ्या चहाशेजारचं लिंबू उचललं, पुढच्या चाकाखाली सरकवलं आणि चक्क आईकडे बघत म्हणाला, "मावशी, बसा आता."

माझा जीव भांड्यात पडला. गाडी निघाली तशी आईने हात जोडले. मी आरशात पाहिलं, तो बिनलिंबाचा चहा तोंड वाकडं करून पीत होता.