औताचे दिवस

मागच्या श्रावणात दाजी गेले. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि गेले.

माझ्या अक्काच्या या नवऱ्याइतक्या तडफेनं विमा विकणारा माणूस मराठवाड्यात झाला नाही, आणि विकलेला विमा परत द्यायला लावणारा तर जगात झाला नसेल! चौसाळ्यातल्या एका बँकेत विमा कंपनीनं त्यांना टेबल दिलं होतं. ठेव ठेवायला आलेला माणूस मॅनेजर त्यांच्याकडे पाठवायचे आणि तो पॉलिसी घेऊन बाहेर पडायचा. सही त्याची, कागद छापील, सगळं कायदेशीर. पण दाजींचं घराणं बैलांच्या दलालीतलं. त्यांच्याकडे विकलेला बैल गिऱ्हाइकानं आधी औताला जुंपून बघायचा, चालला नाही तर परत आणायचा, अशी रीत होती. पॉलिसीही घेतल्यावर ठरावीक मुदतीत परत करता येते, हे कळल्यावर दाजींना कोण आनंद झाला! त्या मुदतीला ते ‘औताचे दिवस’ म्हणत. संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन विचारत, “कागद वाचला का? झोप लागती का?” एक किराणा दुकानदार तर, हे आणखी एक पॉलिसी गळ्यात मारणार म्हणून गुळाच्या ढेपांमागे लपला. दाजी दारातून ओरडले, “आवो, परत द्या म्हनायला आलोय!”

एका महिन्यात कंपनीनं ठरलेल्या आकड्याइतक्या पॉलिसी विकणाऱ्याला सिंगापूरची सहल लावली. दाजींना एकच पॉलिसी कमी पडत होती. अक्कानं तर स्वेटर विणून ठेवला. तिथं उकडतं, असं मी म्हणालो, तर म्हणाली, “विमानात गार लागतं म्हनं.” तेवढ्यात फळवाले रशीदचाचा प्लॉट विकून आलेले पैसे ठेवायला बँकेत आले. दाजींनी त्यांना पॉलिसी दिली. सहल पक्की झाली.

या वेळी मात्र दाजी गिऱ्हाइकाच्या घरी गेले नाहीत. चाचांचा गाडा दिसला की रस्ता बदलू लागले. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी ते माझ्या शाळेत धडकले. “मास्तर, गाडी काढा!”

चाचा लिंबागणेशच्या आठवडी बाजारात सापडले. दाजी उतरता उतरताच म्हणाले, “चाचा, पॉलिसी परत करा!”

“कावून? तुमीच तर लई चांगली हाय म्हनलते.”

“चांगलीच हाय, पर तुमच्या कामाची न्हाई. पोरीची नर्सिंगची फीस जूनमधी भरायची. ही पाच वर्सं पैशाला हात लावू देत न्हाई.”

“मंग त्या दिशी का न्हाई सांगितलं?”

“त्या दिशी मला सिंगापूर दिसत हुतं.”

चाचांनी गाड्यावर ताडपत्री टाकली. घरून कागद उचलून आम्ही तिघं एकाच मोटारसायकलवर बँकेत पोचलो, तेव्हा शिपाई शटर ओढत होता. दाजी वाकून आत घुसले.

मॅनेजर म्हणाले, “अहो, विक्री अगदी नियमात झाली आहे.”

“परत करनं बी नियमातच हाय. मारा शिक्का!”

शिक्का बसला. दाजींनी चाचांकडून पपया घेऊन सगळ्या शाखेला वाटल्या, मॅनेजरना दोन फोडी जास्त. सहल अर्थातच गेली. अक्का बरेच दिवस फुगून होती. मग ऐन मे महिन्यात ती तोच स्वेटर घालून पाटोद्याच्या एका लग्नात मिरवली, आणि दाजी प्रत्येकाला सांगत होते, “सिंगापूरचा हाय.”

आता त्यांच्या जागी एक तरुण आला आहे. हुशार आहे, नम्र आहे. मी बँकेत गेलो की उठून नमस्कार करतो. बँक सुटली की सरळ आपल्या घरी जातो. तो नियमाबाहेर काही करत नाही.