हजेरीतील सतरा नावे

चिटणिसांचा व्यवसाय चष्म्याच्या काचा घासण्याचा. बाजारामागच्या गल्लीतील एका दुकानाच्या आतल्या खोलीत चाकासमोर बसून त्यांनी चौतीस वर्षे इतरांच्या नजरेतील दोष मोजला आणि काचेत उतरवला. दुकानमालक म्हणत, "हा माणूस केसाचे उभे दोन भाग करील आणि दोन्हींची वेगळी नोंद ठेवील." या स्वभावामुळेच वस्तीतील व्हॉलीबॉल मंडळाने त्यांना चिटणीस केले, आणि एकवीस वर्षांत ते पद हेच त्यांचे नाव झाले. बायको सोडली तर त्यांना दुसऱ्या कशाने हाक मारणारे कोणी उरले नव्हते.

मंडळाचे सभागृह जुने होते आणि त्याची लाकडी जमीन कुजली होती. सराव चालू असताना एका खेळाडूचा पाय फळी मोडून घोट्यापर्यंत खाली गेला, तेव्हा नगरपालिकेने लेखी कळवले की सहा महिन्यांत जमीन बदलावी, अन्यथा सभागृहाला कुलूप लागेल. नवी जमीन मंडळाच्या आवाक्यातली नव्हती. स्थानिक क्रीडा मंडळांसाठी सरकारी अनुदानाची एक योजना होती, तिच्यासाठी चिटणिसांनी अर्ज भरला. 'एकूण सभासद' या रकान्यात त्यांनी एकसष्ट हा आकडा लिहिला.

त्या एकसष्टांपैकी सतरा जण हयात नव्हते.

यात लबाडी नव्हती. योजनेची अट चाळीस सभासदांची होती आणि हयात सभासद चव्वेचाळीस होते. खोटे लिहिण्याचे काही कारणच नव्हते. पण या मंडळात मेलेल्याचे नाव कमी करण्याची रीत नव्हती. ती जमीन ज्या सुताराने बसवली होती, तो मंडळातला पहिला गेलेला माणूस. पुढच्या रविवारी हजेरी घेताना तेव्हाच्या चिटणिसाने सवयीने त्याचेही नाव पुकारले. मग रांगेत सुताराच्या शेजारी उभा राहणारा म्हणाला, "हजर." ठराव कधी झाला नाही, पण त्यानंतर कोणाचेही नाव खोडण्याचा धीर कोणाला झाला नाही. गेलेल्याच्या वतीने रांगेतला शेजारी उत्तर देई. घरच्या माणसाने द्यायचे नाही, एवढाच नियम. चिटणिसांच्या लेखी ज्याचे नाव पुकारले जाते तो सभासद, आणि अर्जाने सभासदांची संख्याच विचारली होती.

सतरावे नाव त्यांच्या मुलीचे होते. एकोणिसाव्या वर्षी, चार दिवसांच्या तापाने गेली. त्याला सात वर्षे झाली होती.

क्रीडा कार्यालयातील बाई तपासणीला आल्या त्या आधी फोन करूनच. त्यांनी यादीतील कोणत्याही दहा सभासदांना फोन लावला होता, आणि तीन घरांतून एकच उत्तर आले होते.

"एका घरी मी विचारलं, सरावाला नियमित जातात का," बाई म्हणाल्या. "तर त्यांची सून म्हणाली, आता कसले जातायत, नऊ वर्षं झाली. चिटणीस, हे काय आहे?"

चिटणिसांनी सांगितले. त्यांना दोन वाक्ये पुरली. बाई तरुण होत्या, कठोर नव्हत्या. त्या बराच वेळ नोंदवहीची पाने उलटत राहिल्या.

"मला पटतंय हो. पण वर कोण मानणार? खोटी यादी म्हणून फाईल बंद होईल, आणि पाच वर्षं पुन्हा अर्ज नाही." मग त्यांनीच वाट काढली. "दुरुस्ती करा. सतरा नावं वगळा. प्रत्येक नावापुढे नातेवाइकाची सही हवी. सोमवारपर्यंत."

"वगळलेल्या नावांची वेगळी यादी जोडली तर?"

"तिला रकाना नाही."

शासन अशा वेळी निर्दय असतेच असे नाही. ज्यांना हात धरून उठवता येईल अशांनाच ते मोजते, आणि मदत करायची तर तसे मोजणे भागच असते. पण माणसे एकत्र येतात ती केवळ हयात असलेल्यांच्या बळावर नव्हे, ही गोष्ट कोणत्याही अर्जात लिहिता येत नाही. चिटणिसांनी वाद घातला नाही. मंडळातच वाद झाला.

"खोडायची नाहीत नावं," म्हातारे म्हणाले. "आपल्या घरात कोण माणूस, हे सरकारने सांगायचं का?"

"मग कुलूप लागल्यावर हजेरी रस्त्यावर घेणार का?" हे शिडी म्हणाली. शिडी म्हणजे मुलींच्या संघाची कर्णधार. उंचीमुळे पडलेले नाव. चिटणिसांच्या मुलीच्या वतीने सात वर्षे तीच उत्तर देत होती. तिचे लग्न झाले, मूल झाले, तरी तिचा एक रविवार चुकला नव्हता. ती चिटणिसांकडे न बघता म्हणाली, "चिटणीसकाका, माझ्या हाताखाली बावीस मुली आहेत. त्यांना दुसरीकडे कुठे जागा नाही."

चिटणीस म्हणाले, "सह्या मी आणतो."

सतरा नावांची घरे सोळा. एका घरातले दोघे भाऊ गेले होते. दुकान सुटल्यावर चिटणीस कागद घेऊन दारोदार फिरले. सुताराच्या मुलाने कागद वाचला आणि तो हसला.

"म्हणजे आमचे बाबा इतकी वर्षं दर रविवारी हजर? घरात तर कधी उठून पाण्याचा पेला घेतला नाही त्यांनी." सही करून झाल्यावर मात्र त्याने पेन लगेच परत दिले नाही.

कोणी चहा पुढे केला, कोणी दारातच सही दिली. एका पाव भाजणाऱ्याच्या विधवेला नवऱ्याचे नाव अजून पुकारले जाते हे ठाऊकच नव्हते. तिने विचारले, "उत्तर कोण देतं?" चिटणिसांनी सांगितले. "त्याच्याशी तर यांचं उभ्या जन्मात पटलं नाही," ती म्हणाली, आणि सही करताना तिला अक्षर दिसेना.

शनिवारी दुपारी एकच जागा कोरी उरली. अर्जदार म्हणून चिटणिसांची सही खाली होतीच. नातेवाईक म्हणून त्यांनाच पुन्हा ती करता येत नव्हती. त्यांनी कागद बायकोसमोर ठेवला. ती खिडकीशी बसून उशीचा अभ्रा शिवत होती. सभागृहात तिने कधीच पाऊल टाकले नव्हते, मुलगी असतानाही नाही. हातात सदैव काही काम असे.

"तुझी इच्छा नसेल तर राहू दे," चिटणीस म्हणाले. "मी सोमवारी जाऊन सांगेन, जमलं नाही म्हणून."

तिने दोरा दाताने तोडला, कागद ओढून घेतला आणि सही केली. तिला क्षणभरही लागला नाही. चिटणिसांना ते सहन झाले नाही.

"वाचलंस तरी का?"

"वाचायचं काय त्यात?" ती म्हणाली. "सात वर्षं तुम्ही रविवारी सकाळी उठून तिला हजर करून यायचात. आलात की चेहरा निवलेला असायचा. मी इथेच असायची. तिची खोली झाडायची. अहो, मला नाही कुणी सांगितलं, ती हजर आहे म्हणून."

एवढी बारीक नजर असलेल्या माणसाला स्वतःच्या घरातली ही गोष्ट दिसली नव्हती.

अनुदान मंजूर झाले. चार महिन्यांत नवी जमीन बसली. पहिल्या रविवारी चिटणिसांनी चव्वेचाळीस नावे वाचली; वगळलेली सतरा पुकारली असती तर सह्यांचा कागद खोटा ठरला असता. हजेरी इतकी लवकर संपली की रांग मोडायची कोणी हे कोणाला कळेना. त्यानंतर त्यांनी नोंदवही शिडीच्या हाती दिली. तब्येतीचे कारण सांगितले. ते कोणाला खरे वाटले नाही, आणि कोणी तसे बोलूनही दाखवले नाही.

आता रविवारी सकाळी ते घरीच असतात. सुरुवातीचे काही रविवार दोघांनी फारसे न बोलता काढले. तो वेळ कशाने भरायचा हे दोघांनाही माहीत नव्हते. मग एकदा भांडी पुसता पुसता बायकोने विचारले, "ती उभी कुठे राहायची?"

चिटणिसांनी टेबलावर सहा पेले मांडले, त्यांच्यापुढे जाळी म्हणून लाटणे आडवे ठेवले, आणि मागच्या ओळीतल्या एका पेल्यावर बोट ठेवले. "इथे. समोरून जोरात आलेला चेंडू जमिनीला लागायच्या आत उचलायचा, हे तिचं काम. अंग झोकून द्यावं लागतं, गुडघ्यांवर."

बायको त्या पेल्याकडे पाहत राहिली.

"रोज गुडघे फोडून यायची," ती म्हणाली. "मी हळद लावायची आणि रागवायची. मला वाटायचं, तिथली जमीनच खराब आहे."

"जमीनही खराबच होती," चिटणीस म्हणाले.