सरांच्या मिशा

सहाव्या वर्षी मेंदूत ताप गेला आणि माझे कान गेले. कुंभार पिंपळगावच्या शाळेत दोन वर्षं मी नुसतीच बसून काढली. मग वडिलांनी जालन्याला वसतिगृहाच्या शाळेत आणून सोडलं. फाटकावर पाटी होती, मूकबधिर विद्यालय. बधिर कबूल. पण मूक? आत पाऊल टाकलं तर सगळं अंगण हातांनी बोलत होतं, भांडत होतं, आणि एक पोरगी तोंडात घास असताना गोष्ट सांगत होती. ऐकणाऱ्यांना हे जमत नाही.

वर्गात मात्र हात खाली. सरांच्या ओठांकडे बघायचं, ओठ वाचायचे, असा नियम. आणि सातवीला आम्हाला आले ते सर असे, की त्यांचे ओठ कुणी कधी पाहिलेलेच नव्हते. वरचा ओठ सगळा आणि खालचा अर्धा मिशांखाली. सर शिकवायला लागले की मिशा वर-खाली व्हायच्या. अकबर आणि अपूर्णांक आम्हाला सारखेच दिसायचे. माणूस वाईट नव्हता. कुणी आजारी पडलं तर स्वतः दवाखान्यात न्यायचे. पण काय शिकवतात ते त्यांनाच ठाऊक.

एक दिवस तपासणीला एक मॅडम आल्या. शाळेबद्दल मुलांचं स्वतःचं म्हणणं काय, ते त्यांना लिहून घ्यायचं होतं. त्यांना खुणा येत नव्हत्या, म्हणून आमचं म्हणणं सर त्यांना सांगणार होते. खुणा सरांनाही येत नव्हत्या, पण ते कबूल करायची ही वेळ नव्हती.

पहिली उठली माझी मैत्रीण. ती अंबडची, घरी उर्दू बोलणारी. आमच्या दोघींच्या हातांची भाषा मात्र एकच. तिनं मनापासून सांगितलं, "सर चांगले आहेत, पण वर्षभर मी फक्त मिशा बघून राह्यले. आणि अर्धा वेळ सर फळ्याशीच बोलतात." मिशा कशा लोंबतात, तेही तिनं करून दाखवलं.

सर मॅडमकडे वळून काहीतरी बोलले. काय, ते आम्हाला कळायचा प्रश्नच नव्हता. पण मॅडमना मिशा नव्हत्या. लिहिता लिहिता त्या तेच शब्द पुटपुटल्या आणि मी लख्ख वाचलं, "सर... फार... छान... शिकवतात."

मी मैत्रिणीला सांगितलं. ती भडकली. "जा, फळ्यावर लिही!" मी फळ्यापाशी गेले आणि लिहिलं: 'ती तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, सरांच्या मिशांमुळे काहीच दिसत नाही.'

मॅडमनी फळा वाचला, मग सरांच्या मिशांकडे पाहिलं, आणि हातातला कागद तोंडासमोर धरला. कागद हलत होता. सर खिडकीबाहेर बघत होते.

तो शुक्रवार होता. सोमवारी वर्गात एक परका माणूस आला. कुणी उभंच राहिलं नाही. चेहरा सोललेल्या शेंगदाण्यासारखा. मनगटावरचं घड्याळ ओळखीचं निघालं, तेव्हा आम्ही दचकून उठलो.

त्या दिवशी सरांनी पुस्तक उघडलं नाही. हात हलवून, नकला करून, अडलं तिथं फळ्यावर लिहून त्यांनी हकीकत सांगितली. शनिवारी मिशा काढून ते केदारखेड्याला, आपल्या गावी गेले होते. आमच्याकडे मिशा उतरवतात ते बाप गेल्यावर. एसटीतून उतरताच गाववाले जमले. "कधी गेले हो अण्णा? कळवलं बी न्हाई!" एक चुलता तर गळ्यात पडून रडला. सगळी मंडळी सरांना धरून घरापर्यंत घेऊन गेली, तर अण्णा दारात बसून भाकरी खात होते. त्यांनी पोराच्या तोंडाकडे पाहिलं आणि भाकरी खाली ठेवली. "म्या जित्ता हाय न्हं अजून? मंग हे काय करून आला?"

आम्ही हसून हसून बाकांवर आडवे झालो.

मग सरांनी ओठांवर बोट ठेवून विचारलं, "आता दिसतं ना?" मैत्रीण उठली. "दिसतं. पण ओठ पाहून थोडंच कळतं. आज हातांनी सांगितलं, ते मात्र सगळं कळलं." मी ते फळ्यावर लिहून दिलं. मधल्या सुट्टीत सर आमच्या शेजारी येऊन बसले आणि 'पाणी' कसं म्हणतात ते विचारलं.

महिनाभर ते आमच्याकडे शिकत होते. आम्ही कडक मास्तर होतो; चुकलं की दहादा करायला लावायचो. शेवटी एकदा संपूर्ण वाक्य हातांनी सांगायचं त्यांनी ठरवलं: उद्या गणिताची वही आणा. हात कुठंतरी चुकला आणि वर्गाला कळलं, उद्या माझं लग्न आहे.

दुसऱ्या दिवशी वही कुणीच आणली नाही. माझी मैत्रीण मात्र नवा ड्रेस घालून, गजरा माळून आली.