वाऱ्यासाठी शिट्टी

आज मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाला, प्रोजेक्ट डोलड्रम्समध्ये अडकलाय. मला एकदम जयनगरच्या घराची गच्ची आठवली आणि बाबांच्या बॅगेला येणारा डिझेलचा वास.

मी सहावीत होते. बाबा बोटीवर इंजिनिअर होते आणि सुट्टी संपवून दुसऱ्या दिवशी निघणार होते. भूगोलाच्या पुस्तकातला डोलड्रम्स हा शब्द मी गच्चीवर त्यांना विचारला.

"विषुववृत्ताजवळचा समुद्र. तिथे वाराच नसतो. शिडाची जहाजं आठवडेच्या आठवडे पडून राहायची, माणसं मरगळून जायची. मग खलाशी शिट्टी वाजवून वाऱ्याला बोलवायचे. स्वल्प, थोडीशीच, वाजव बघू!"

मी ओठ घट्ट मिटून घेतले. वारा आला तर बाबांची बोट सुटेल, असं मला वाटलं.

"आई ओरडेल म्हणून घाबरलीस होय गं?" ते हसले.

सकाळी ते गेलेच. त्यांच्या बोटीला इंजिन होतं.

बाबा आता नाहीत. मीटिंग संपल्यावर मी खिडकी उघडली. बाहेर एक पानही हलत नव्हतं. वाऱ्यावर बोटी परतही येतात, हे तेव्हा सुचलंच नव्हतं. मी हळूच शिट्टी वाजवली.