मान आणि दुर्बीण
आचोळ्याच्या नाक्यावर चपला शिवणारे काका गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघत नाहीत, पायांकडे बघूनच बोलतात. मी पक्षीनिरीक्षक व्हायच्या हौसेने दर रविवारी दुर्बीण गळ्यात अडकवून चांदीपच्या शेतांतून हिंडायचो आणि मान चोळत त्याच नाक्यावरून परतायचो. एकदा काकांनी ती दुर्बीण मागून घेतली आणि न विचारताच तिचा पट्टा कापला.

“अहो, इंपोर्टेड आहे तो!” मी ओरडलो.

“मान पन इंपोर्टेड हाय का?” असं म्हणत त्यांनी जुन्या दप्तराचे दोन रुंद पट्टे तिला शिवले. सगळा भार खांद्यांवर गेला.

पुढच्या रविवारी मी चार तास हिंडून ताठ मानेने परतलो. काकांनी पहिल्यांदाच वर बघितलं.

“काय दिसलं?”

“कावळे,” मी कबूल केलं.

“मान दुखली?”

“अजिबात नाही.”

“मग झालं की! कावळे तर कावळे, आरामात बघितले ना?”